‘आमची राणी कुठाय?’

नमस्कार मंडळी. विषय ब्रिटनच्या राजघराण्याचा दिलाय, पण आज मी राजा-राणीपेक्षा त्यांच्यावर लिहून पोट भरणाऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहे. तिकडची टॅब्लॉइड्स, म्हणजे सनसनाटी छापणारे पेपर, त्यातले कॉलमवाले, टीव्हीवर बसून ‘राजघराण्याचे जाणकार’ म्हणून बोलणारी मंडळी, आणि त्यांचं ते डोळे पुसत पुसत चाललेलं कव्हरेज. मला वर्षानुवर्षं या लोकांचा राग आहे, आणि तो का आहे हे एका आठवड्यावरून सांगते, कारण त्या एका आठवड्यात सगळं दिसतं.

३१ ऑगस्ट १९९७, रविवारची पहाट. पॅरिसमध्ये अल्मा पुलाजवळच्या बोगद्यात गाडी खांबावर आदळली, राणीची आधीची सून, चार्ल्सची घटस्फोटित बायको डायना गेली, वय वर्षं ३६. गाडीच्या मागे फोटोग्राफर लागले होते. पुढे २००८ साली लंडनच्या चौकशीत ज्युरीने निकाल दिला तोही असाच होता, ड्रायव्हरचा बेदरकारपणा आणि मागून येणाऱ्या गाड्यांचाही. आता पहिल्या दिवशी लोकांचा राग कुणावर होता? पेपरवाल्यांवर. डायनाच्या भावाने, अर्ल स्पेन्सरने, त्याच दिवशी केपटाऊनमध्ये घराबाहेर उभं राहून सांगितलं की प्रेस शेवटी हिचा जीव घेणार असं मला कायम वाटायचं, आणि तिचे असे फोटो पैसे मोजून विकत घेणाऱ्या प्रत्येक मालकाच्या आणि संपादकाच्या हाताला आज रक्त लागलंय. लंडनमध्ये फुलं ठेवायला आलेले लोक फोटोग्राफर दिसला की शिव्या घालत होते.

आणि मग गुरुवार आला, ४ सप्टेंबर. ‘द सन’च्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, आमची राणी कुठाय? तिचा झेंडा कुठाय? ‘डेली मिरर’मध्ये, तुमची प्रजा दुःखात आहे, मॅडम, आमच्याशी बोला. ‘एक्सप्रेस’मध्ये, तुम्हाला काही वाटतं हे दाखवा. चार दिवसांत आरोपीच्या पिंजऱ्यातून पेपर बाहेर आले आणि ७१ वर्षांची एक बाई, राणी एलिझाबेथ, आत गेली. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

ती बाई होती कुठे? स्कॉटलंडमध्ये, बाल्मोरलला, दोन नातवांजवळ. एक १५ वर्षांचा, दुसरा १२ वर्षांचा, आई गेलेली. आणि झेंड्याचं म्हणाल तर बकिंगहॅम पॅलेसवर तेव्हा फक्त राजाचा झेंडा लागायचा, तोही राजा किंवा राणी आत असेल तेव्हाच, आणि तो अर्ध्यावर कधीच येत नाही, खुद्द राजा गेला तरी नाही, कारण एक गेला की दुसरा त्या क्षणी राजा झालेला असतो. म्हणजे राणी स्कॉटलंडला असताना काठी रिकामीच असणार. हे त्या संपादकांना माहीत नव्हतं? राजघराण्यावर आयुष्य काढलेले रिपोर्टर पगारावर ठेवलेत त्यांनी! माहीत होतं, पण रिकाम्या काठीचा फोटो पानावर छान दिसतो.

तुम्ही आपल्या घरांचा विचार करून बघा. सुतकातल्या घरी आपण जातो, जमिनीवर बसतो, फार बोलत नाही, उठून येतो. त्या घरातल्या आजीला दारात बोलावून, रडून दाखवा, शेजारीपाजारी वाट बघतायत, असं कुणी म्हणालं तर त्याला चार माणसं धरून बाहेर काढतील. इथे तेच झालं, आणि त्याला नाव मिळालं प्रेमाचं. राणी शुक्रवारी लंडनला परत आली, गेटपाशी फुलं बघत फिरली, संध्याकाळी टीव्हीवर लाइव्ह बोलली, शनिवारी ती अंत्ययात्रेला निघाल्यावर पॅलेसवर युनियन जॅक अर्ध्यावर आला. पेपर जिंकले. त्याच शनिवारी तो १२ वर्षांचा मुलगा लाखो लोकांसमोर शवपेटीमागून चालला, पेटीवर पांढरी फुलं, त्यात एक पाकीट, त्यावर मुलाच्या हातचं ‘ममी’ लिहिलेलं, आणि कॅमेऱ्याने त्या पाकिटाचाही क्लोजअप घेतला.

मी तेव्हा मुंबईत एका मराठी दैनिकाच्या परदेश डेस्कवर होते. एजन्सीची कॉपी दर दहा मिनिटांनी येत होती, आणि ‘संतप्त जनता’ हा शब्द लंडनच्या पेपरांतून एजन्सीत, एजन्सीतून आमच्याकडे, आमच्याकडून तुमच्या चहाच्या कपाशेजारी असा येत होता. लोक दुःखात होते हे खरंच आहे, ती फुलं काही कुणी भाड्याने आणली नव्हती. पण त्या दुःखाचं तोंड प्रेसकडून राणीकडे कुणी वळवलं हे विचारायला हवं होतं.

आता पुढचं ऐका. जानेवारी २०२५ मध्ये तोच मुलगा, म्हणजे हॅरी, आता चाळिशीचा, त्याने ‘सन’च्या मालक कंपनीवर केलेली केस खटला सुरू व्हायच्या तोंडावर मिटली, आणि कंपनीने लेखी माफी मागितली. कशाबद्दल? १९९६ ते २०११ या काळात ‘सन’ने त्याच्या खाजगी आयुष्यात गंभीर घुसखोरी केली, पेपरसाठी काम करणाऱ्या खाजगी डिटेक्टिव्हनी बेकायदा गोष्टी केल्या, याबद्दल. डायनाच्या आयुष्यात केलेल्या घुसखोरीबद्दलही माफी आहे त्यात. १९९६ ते २०११ म्हणजे मधे १९९७ आलंच ना? राणीला माया शिकवणारं पान आणि त्या पोराच्या मागे माणसं लावणं, दोन्ही एकाच पेपरचं, एकाच काळातलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आपण म्हणतो ते हेच.

आणि माझा मुद्दाही हाच आहे, की हळवेपणा आणि क्रूरपणा ही या धंद्यात दोन वेगळी खाती नाहीत, एकाच डेस्कवरून दोन्ही निघतं. हळवी बातमी आधी सांगते की ही माणसं तुमचीच आहेत, तुमच्या घरातलीच आहेत. एकदा ती तुमची झाली की त्यांचं सगळं बघायचा तुमचा हक्क झाला, आणि त्यांनी नीट हसून-रडून दाखवलं नाही तर शिक्षा करायचाही.

फोन हॅकिंगचं घ्या. हे जादूटोण्याचं काम नव्हतं. तेव्हा मोबाईलच्या व्हॉइसमेलला कंपनीने दिलेला ठरलेला पिन असायचा, बरेच लोक तो बदलायचे नाहीत, मग बाहेरून फोन लावायचा, पिन टाकायचा, मेसेज ऐकायचे. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये एक छोटी बातमी आली, प्रिन्स विल्यमचा, म्हणजे हॅरीच्या मोठ्या भावाचा, गुडघा दुखावलाय. एवढीच. पण हे ठाऊक असणारी माणसं अगदी मोजकी होती, त्यावरून पॅलेसला संशय आला, पोलीस आले, आणि जानेवारी २००७ मध्ये त्या पेपरचा राजघराण्याचा संपादक क्लाइव्ह गुडमन आणि डिटेक्टिव्ह ग्लेन मलकेअर दोघं तुरुंगात गेले. तेव्हा सांगण्यात आलं की एकाच वाया गेलेल्या रिपोर्टरचं काम आहे. २०११ च्या जुलैत बाहेर आलं की खून झालेल्या एका शाळकरी मुलीचा फोनही, ती बेपत्ता असतानाच, याच पेपरसाठी हॅक झाला होता, तेव्हा कुठे १६८ वर्षांचा पेपर बंद पडला. म्हणजे राजपुत्रावर जी सवय लावून घेतली ती सामान्य माणसाच्या घरात पोचली.

बरं, हे ‘जाणकार’ कोण असतात? काही जुने रिपोर्टर, काही पॅलेसमधले माजी प्रेस ऑफिसर, काही नुसतेच चरित्रकार. ‘रॉयल रोटा’ म्हणून एक पद्धत आहे, ठरावीक पेपरांच्या ठरावीक माणसांना कार्यक्रमात आत घेतात, त्यांनी बाकीच्यांना माहिती द्यायची. त्या वर्तुळात राहायचं तर पॅलेसला दुखवायचं नाही आणि संपादकाला उपाशी ठेवायचं नाही, मग उरतं काय, तर ‘जवळच्या सूत्रांनुसार’. मार्च २०२१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्राने हॅरी आणि त्याची बायको मेगन यांची मुलाखत घेतली, ती दाखवायच्या आधीच दोन यूट्यूबरनी चार नावाजलेल्या जाणकारांना पैसे देऊन कॅमेऱ्यासमोर प्रतिक्रिया घेतल्या, आणि न बघितलेल्या मुलाखतीवर ते मत देऊन मोकळे झाले. आमचं बोलणं तोडून-मोडून दाखवलं असं त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं, ते मी नोंदवते, पण मुलाखत बघायच्या आधी बोलायला बसले होते एवढं तर आहेच. विल्यमची बायको केट गरोदर असताना पोटावर हात ठेवते तेव्हा ती माया, मेगन ठेवते तेव्हा ते प्रदर्शन. केटच्या उलट्यांवर उपाय म्हणून कुणी विल्यमला अ‍ॅव्होकाडो दिलं तर कौतुक, मेगनला आवडतं म्हटल्यावर तेच फळ दुष्काळ आणि मानवी हक्कांच्या पायमल्लीला जबाबदार. फळ तेच, देश तोच, अंतर दीडेक वर्षाचं!

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट डिसेंबर २०१२ ची आहे. केट गरोदर, उलट्यांनी बेजार, लंडनच्या हॉस्पिटलमध्ये, बाहेर जगभरचे कॅमेरे, ‘आनंदाची बातमी’ म्हणून चोवीस तास चालू. ४ तारखेला पहाटे साडेपाचच्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओवाल्यांनी राणी आणि तिचा मुलगा चार्ल्स यांचे आवाज काढून फोन लावला. त्या वेळी रिसेप्शनला कुणी नव्हतं म्हणून ड्युटीवरच्या एका नर्सने उचलला, आणि वॉर्डमध्ये जोडून दिला. बस. तिने कसलीही माहिती दिली नाही, फोन जोडला. ती आपल्या शेजारची, कर्नाटकच्या किनारपट्टीवरची, कोकणी घरातली, नवरा आणि दोन मुलं ब्रिस्टलला. तो कॉल जगभर वाजला, लोक पोट धरून हसले, आणि ७ तारखेला तिने स्वतःला संपवलेलं आढळलं. तिला उडुपी जिल्ह्यात शिर्व्याला आणून दफन केलं. फोन रेडिओने केला, टॅब्लॉइडने नाही, हे मान्य. पण आजारी बाईच्या खोलीत काय चाललंय ही भूक कुणी तयार केली? मी नर्सेसच्या घरात वाढलेय, माझ्या दोन्ही मावश्या नाइट ड्युटी करायच्या, पहाटे साडेपाचला माणूस कसा असतो मी बघितलंय.

आणि यातून काही शिकले असं समजू नका. २०२४ च्या जानेवारीत केटचं ऑपरेशन झालं, दोन महिन्यांच्या आतच ‘काळजी’च्या नावाखाली कोण कुठल्या गाडीत दिसलं याचे व्हिडिओ मोजायला लागले, १० मार्चला मदर्स डेचा फोटो आला, तो एडिट केलेला निघाला म्हणून एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी मागे घेतला, हॉस्पिटलमधल्या कुणीतरी तिचे कागद बघायचा प्रयत्न केल्याची तक्रारही आली. शेवटी २२ मार्चला त्या बाईला बाकावर बसून जगाला सांगावं लागलं की ऑपरेशननंतरच्या तपासण्यांत कॅन्सर आढळला, मुलांना समजावायला आम्हाला वेळ हवा होता. लगेच दुसऱ्या दिवशी पानंच्या पानं अश्रू.

या अश्रूंच्या मागे काय झाकलं जातं तेही सांगते, कारण राजघराण्याला प्रश्न विचारूच नयेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. खरे प्रश्न आहेतच की. सरकारी तिजोरीतून मिळणारं अनुदान २०२४-२५ पर्यंत वर्षाला ८ कोटी ६३ लाख पौंड होतं, २०२५-२६ ला ते १३ कोटी २१ लाखांवर गेलं. राणीचा नवरा प्रिन्स फिलिप याचं मृत्युपत्र कोर्टाने ९० वर्षांसाठी सीलबंद केलंय. राजा आणि वारसदार यांचा सरकारशी पत्रव्यवहार माहिती अधिकारातून पूर्ण बाहेर काढणारा बदल २०१० च्या कायद्याने झाला. चार्ल्सने मंत्र्यांना लिहिलेली पत्रं मिळवायला ‘गार्डियन’ला दहा वर्षं कोर्टात काढावी लागली, २०१५ मध्ये ती बाहेर आली. हे कष्टाचं काम आहे, यात फोटो नाही. एप्रिल २०२१ मध्ये फिलिप गेल्यावर बीबीसीने नेहमीचे कार्यक्रम काढून तेच लावलं, तेव्हा जवळजवळ १ लाख १० हजार तक्रारी आल्या, म्हणजे लोकांना एवढं नको असतं, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडचं एकच सांगते. चार्ल्स नोव्हेंबर २००३ मध्ये चर्चगेटला डबेवाल्यांना भेटला, २००५ च्या लग्नाला दोघांना बोलावलं, २०२३ च्या राज्याभिषेकाला डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि उपरणं पाठवलं. त्यांच्या बाजूने हे नातं अगदी मनापासूनचं आहे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण २०२० नंतर लोकल बंद, ऑफिसं बंद, कित्येक डबेवाले गावी शेतीला परत गेले, कुणी वॉचमन झाले, कुणी रिक्षा धरली, त्या बातमीला पगडीइतकी जागा किती जणांनी दिली? डेस्कवरच्या आजच्या पोरांना माझं सांगणं एवढंच की लंडनहून ‘सूत्रांनुसार’ आलं, ‘देहबोलीच्या तज्ज्ञां’कडून आलं, तर ती कॉपी बाजूला ठेवा, त्या जागेत दुसरं काही लावा.

हॅकिंगनंतर न्यायमूर्ती लेव्हसनची चौकशी बसली, नोव्हेंबर २०१२ मध्ये पहिल्या भागाचा अहवाल आला. दुसऱ्या भागात पेपरवाले आणि पोलीस यांचं साटंलोटं तपासायचं ठरलं होतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने तो भागच रद्द केला. ज्यांचे फोन ऐकले गेले त्यातली कितीतरी साधी माणसं आहेत, घरात खून झालेली, मूल हरवलेली, आणि ती अजून हा दुसरा भाग मागतायत. तो व्हायलाच हवा.

थांबते इथे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, हॉल साडेआठपर्यंत आपल्याकडे आहे.