जिभेवरची साखर, रक्तातली साखर

मंडळी, आधी ही परडी फिरू द्या. एकेक पान घ्या, नीट चावा, मिनिटभर जिभेवर घोळवा. मागून साखरेची वाटी येतेय, चिमूटभर तोंडात टाका. काय लागलं? वाळू! मागच्या रांगेतल्या वहिनींचा चेहरा बघा! घाबरू नका, थोड्या वेळानं चव परत येते. चहा उशिरा ठेवायला मी मुद्दाम सांगितलंय.

हा बेडकीचा पाला. कुणी कावळी म्हणतं, वैद्यांची मधुनाशिनी हीच. १८८७ साली उटकमंडला, म्हणजे आजच्या उटीला, डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञानं या पानांतलं आम्ल वेगळं काढलं. जिभेवर गोड ओळखणारी जी जागा असते, तीच ते अडवतं.

माझे मामा सावंतवाडीकडचे. परड्यात, म्हणजे मागच्या अंगणात, कुंपणावर हीच वेल. रोज सकाळी चार पानं चावायचे आणि आजीला म्हणायचे, "बघ आई, साखर लागतच नाही, म्हणजे गेली!" मी तेव्हा बीएस्सीला होतो. पाल्याचं कौतुक मीच त्यांना ऐकवलं होतं, पण मधुमेहाची गोळी बंद केल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तीन महिन्यांनी पायाला काटा लागला, जखम भरेना. तपासलं तर साखर साडेतीनशेच्या वर. अंगठा गेला. जिभेवरची साखर गेली होती, रक्तातली तिथंच होती. एवढ्यासाठी मी गावोगाव ही परडी घेऊन फिरतो.

म्हणून पाल्याला नावं ठेवतोय असं समजू नका. तुमच्यातले निम्मे जण मधुमेहावर घेतात ते मेटफॉर्मिनसुद्धा एका झाडाच्या मागावरूनच आलंय. युरोपातली गॅलेगा ही वनस्पती. तिच्यातलं द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच घराण्यातलं सौम्य रसायन पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये रुग्णांसाठी पुढे आणलं. पानापासून मोजलेल्या मात्रेपर्यंतची ही वाट, तिलाच मी अर्क म्हणतो. बिबळा, म्हणजे विजयसार, या झाडाच्या लाकडावरही आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, नव्वदच्या दशकात प्रयोग केला. बऱ्याच रुग्णांची साखर आटोक्यात आली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत आणि यकृतासाठीच्या वनस्पतींचं तर राहिलंच. भरभर सांगतो. भुईआवळी: १९८८ साली मद्रासला ती 'ब' काविळीच्या वाहकांना, म्हणजे रक्तात तो विषाणू बाळगणाऱ्यांना, दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. पुढच्या प्रयोगांत मात्र ते तसं जमलं नाही. सिलिमरिन, म्हणजे एका काटेरी झाडाच्या बियांचा अर्क: त्यातलं सिलिबिनिन युरोपात विषारी अळंबीच्या बाधेवर शिरेतून देतात. आणि गुळवेल: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, ती वेल नक्की गुळवेलच होती का, अशी. मी म्हणतो, हा प्रश्न ती पोटात जाण्याआधी विचारायला हवा होता! कुठली जात, कुठला भाग, किती मात्रा, आणि सोबत कुठली गोळी चालू आहे. पोटात गेलेलं पचवून निकालात काढायचं काम शेवटी यकृतावरच पडतं.

ज्यांनी घरून चूर्णाचे डबे आणलेत, त्यांनी ते या टेबलावर ठेवा. लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का, ते चहा होईस्तोवर बघून घेऊ.