सप्टेंबरअखेर, गट साधन केंद्र

[दृश्य: पंचायत समितीच्या आवारातली मागची इमारत. दार उघडं, बाहेर मोटारसायकली.]

सकाळचे साडेदहा. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं गट साधन केंद्र, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण खात्याचं कार्यालय. कॉम्प्युटर अजून पुरता चालूही झालेला नाही, पण शाळांची ऑनलाइन माहिती सांभाळणाऱ्या एमआयएस कोऑर्डिनेटर ताईंच्या टेबलासमोर चार मुख्याध्यापक बसलेत. पाचवे फोनवर आहेत.

"ताई, लॉगिन उघडंना झालंय."

"किती वेळा पासवर्ड टाकला, सर?"

"लई येळा टाकला की."

"मग लॉक झालं असंल. यू-डायस नंबर सांगा."

यू-डायस म्हणजे प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, अकरा आकडी. बीडची शाळा म्हटलं की सुरुवात 2727 ने. पुढचे सात आकडेही बऱ्याच शाळांचे ताईंना तोंडपाठ आहेत. पासवर्ड ब्लॉकच्या लॉगिनवरून बदलून मिळतो. पण नोंदवलेला मोबाइल नंबर आधीच्या मुख्याध्यापकांचा निघतो, आणि ते बदलून गेलेत दुसऱ्या तालुक्यात. आता आधी त्यांना फोन.

[दृश्य: स्क्रीनवर फिरणारं चक्र. भिंतीवर कॅलेंडर, 30 तारखेभोवती लाल गोल.]

एवढी घाई 30 सप्टेंबरची. या तारखेच्या पटावर संच मान्यता ठरते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मिळणार ते. त्यातही धरले जातात आधार जुळलेलेच विद्यार्थी. वर्गात बसलेलं पोरगं पोर्टलवर जुळलं नाही, तर हिशोबात ते नाहीच.

2015 साली राज्यात सरल आलं, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची राज्याची ऑनलाइन प्रणाली. माहिती एकदा भरली की शाळांना पुन्हा पुन्हा कागद मागायला नकोत, असा त्यामागचा विचार. मग 2022-23 पासून केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली. त्यामागून प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा आकडी ओळख क्रमांक, अपार आयडी आला. पोरगं तेच, पाटी तीच, नोंदी मात्र एकामागून एक. आणि व्हॉट्सॲपवर रोज एखादी गुगल शीट येतेच, वर 'अतितात्काळ' लिहिलेली.

[दृश्य: जुनं जनरल रजिस्टर. बोट एका ओळीवर थांबतं.]

एका मुख्याध्यापकांनी शाळेचं रजिस्टरच पिशवीत घालून आणलंय. तिसरीतली एक मुलगी. रजिस्टरात शिवकन्या. आधारवर मराठी नाव बरोबर आहे, पण रोमन लिपीत 'व'च्या पुढे एक 'ए' जादा पडलाय. रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर शेवटी. तिच्या भावाचं तर नाव जुळतं, जन्मतारीख जुळत नाही. आधार काढताना घरच्यांनी अंदाजानं 1 जानेवारी सांगितली होती.

दुरुस्ती कुठं करायची? रजिस्टरातलं नाव मुख्याध्यापकांना आपल्या मनानं खोडता येत नाही, त्याला वरची मंजुरी लागते. आधारवर करायची, तर जन्माचा दाखला लागतो, तालुक्याचं केंद्र गाठावं लागतं आणि आईबापाचा एक रोज बुडतो. शिवाय आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यामुळे ताई घाईनं काही सांगत नाहीत. आधी दाखला बघतात, मग म्हणतात, "मुलीचं पोर्टलवरच नीट होईल, सर. पोराला मात्र आधार केंद्रात न्यावं लागंल. चुकीची तारीख पुन्हा टाकू देऊ नका, मग काहीच करता यायचं नाही."

मुख्याध्यापक वहीत लिहून घेतात. याला 'तांत्रिक सहाय्य' म्हणतात.

[दृश्य: दुपार. पंखा बंद, लाइट गेलेली. मोबाइलचा हॉटस्पॉट लावलेला लॅपटॉप.]

दुपारी लाइट जाते. कुणाची पोषण आहाराची रोजची नोंद राहिलीय. कुणाचा प्रोजेक्टर वर्षभर कपाटात आहे, तो चालेल का, असं विचारणं. शालार्थ म्हणजे पगाराची प्रणाली, तिचा या टेबलाशी संबंध नाही. तरी पगार अडकला की पाय इकडेच वळतात. ताई स्वतः करारावर आहेत. तो विषय त्या काढत नाहीत, आम्हीही ताणला नाही.

[दृश्य: तांड्याकडे जाणारा रस्ता. शाळेची दोन खोल्यांची इमारत.]

साडेचारला तांड्यावरच्या शाळेचे गुरुजी येतात. त्यांच्या पटावर 64 मुलं, आधार जुळलेली 57. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे तिसरा. राज्याच्या निकषांत आणखी अटी आहेत, पण 57 वर तर बोलणंच खुंटतं.

आणि त्यांची खरी अडचण दिवाळीनंतरची आहे. मुकादमाची उचल घेतलेली घरं ऊसतोडीला जातील, सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. आजीजवळ राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं. बाकीची पोरं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला. तिथल्या शाळेनं त्यांना वर्गात घेतलं, तर ती शाळा त्यांचं नाव आपल्या पटावर मागणार. पोर्टलवर मूल एका वेळी एकाच शाळेचं असतं. चार-पाच महिने तिकडं आणि उरलेलं वर्ष इकडं, असं ऊसतोडीच्या पोरांचं असतं.

"तिकडून नाव मागितलं तर सोडायचं का, ताई? सोडलं तर उन्हाळ्यात परत आणायला मी त्यांच्या मागं लागायचं. नाही सोडलं तर पोरगं तिकडं नुसतं बसून."

"पोरगं तिकडं रोज वर्गात बसत असंल, तर सोडायचं, सर. परत आणायचं आपण बघू."

"आन् तिसरा मास्तर?"

"तो तीस तारखेच्या पटावर ठरतो. कोणती सात राहिलीत?"

गुरुजी खिशातून घडी घातलेला कागद काढतात. सातही नावं, त्यांच्यापुढे आईबापाचे मोबाइल नंबर. दोन नंबरांवर रेघ मारलेली आहे, रिचार्ज नाही म्हणून बंद. ताई खुर्ची पुढे ओढून त्यातल्या पाचव्या नावाचा दाखला मागतात.