भरल्या पानावरून उठणाऱ्यांसाठी

नमस्कार, श्रोतेहो.

मिसोफोनिया हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. त्रास मात्र काहींच्या घरी रोज जेवणाच्या वेळी हजर असतो. कुणी मचमच करत जेवतं, कुणी आमटीचा भुरका मारतं, कुणी सारखं नाक ओढतं, वर्गात शेजारचा मुलगा पेनाचं बटण टकटक करत बसतो. तो आवाज कानावर पडताक्षणी काही जणांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ‘आवाज डोक्यात जातो’ असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो, पण या माणसांची छाती धडधडायला लागते, तळहाताला घाम सुटतो, ओरडावं किंवा उठून पळून जावं असं वाटतं. आणि ते आवरणं त्यांच्या हातात नसतं.

मी श्रवणतज्ज्ञ आहे, मुंबईतच काम करते. अशी मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा आईचं बोट धरून. आई म्हणते, ‘मॅडम, हिचे कान फार तिखट आहेत का ते एकदा बघा.’ आम्ही मुलीला आवाजबंद खोलीत बसवतो, कानांवर हेडफोन आणि हातात बटण देतो. बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. वीसेक मिनिटांत आलेख तयार होतो, आणि बहुतेक वेळा तो अगदी नॉर्मल निघतो. मग आई मुलीकडे वळून म्हणते, ‘बघ, काही नाहीये तुला.’ त्या मुलीचा चेहरा मला बघवत नाही. तपासणीत काही सापडलं नाही, याचा अर्थ तिला काही होत नाही असा घरच्यांनी लावलेला असतो.

नववीतली एक मुलगी आठवते. लालबागला चाळीत घर, एकच खोली आणि स्वयंपाकघर. आजोबा सकाळ-संध्याकाळ चहा बशीत ओतून पिणारे. ही मुलगी ताट घेऊन गॅलरीत जायची, आणि तसं जायला मिळालं नाही तर अर्ध्यातच उठायची. भरल्या पानावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, ही आपली शिकवण. त्यामुळे घरात रोज भांडण. त्यात एक तक्रार अशी की, ही आजोबांना वेडावून दाखवते. त्यांनी भुरका मारला की ही तोंडानं हुबेहूब तसाच आवाज काढते. मी तिला एकटीला विचारलं, तर रडत म्हणाली, ‘तसा आवाज काढला ना, की डोक्यातलं थोडं कमी होतं. मी त्यांना चिडवत नाही हो.’

श्रोतेहो, तिचं हे म्हणणं मनापासून ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली या रुग्णांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं. त्रास देणारे आवाज ऐकवल्यावर मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाचा पुढचा तुकडा कितीतरी जास्त सक्रिय होत होता, हृदयाचे ठोके वाढत होते. रडणारं बाळ किंवा किंकाळी यांसारखे सगळ्यांनाच नकोसे वाटणारे आवाज ऐकवले, तेव्हा मात्र या रुग्णांत आणि इतरांत असा फरक दिसला नाही. मग २०२१ साली त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. ऐकण्याचं काम करणारा मेंदूचा भाग आणि तोंड, जबडा हलवणारा भाग, यांच्यातलं नातं या लोकांमध्ये जास्त घट्ट असतं. म्हणजे समोरच्याचं चावणं ऐकताना यांच्या मेंदूत स्वतःच्याच तोंडाच्या हालचालीची यंत्रणा जागी होते. आवाजाची नक्कल केल्यावर बरं वाटतं असं सांगणारे रुग्ण बरेच आहेत. लालबागच्या घरात ज्याला उद्धटपणा म्हणत होते, त्या वागण्याचा धागा या संशोधनापर्यंत पोहोचतो. मी आईवडिलांना समोर बसवून हे सगळं सांगितलं. आजोबाही आले होते. ते इतकंच म्हणाले, ‘मग औषध काय यावर?’

प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे सांगण्यासारखं फार थोडं होतं.

या त्रासाला नाव मिळालं २००१ साली, पॉवेल आणि मार्गारेट यास्त्रेबोफ या दोघांकडून. २०१३ साली ॲमस्टरडॅमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदानाचे निकष सुचवले. त्याच शहरात पुढे ५४ रुग्णांवर एक नीट आखलेली चाचणी झाली. तीन महिने, आठवड्यातून एकदा, गटात बसवून वर्तनोपचार दिले. उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना ठळक फरक पडला. जे नुसते प्रतीक्षायादीत होते, त्यांच्यात तसा फरक कुणालाच पडला नाही. ही मोठी आशेची गोष्ट आहे, पण उरलेल्या ६३ टक्क्यांचं काय? त्यासाठी दुसरी चाचणी हवी, तिसरी हवी. प्रत्येक चाचणीला माणसं लागतात आणि पैसा लागतो.

पैसा इथेच अडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत मिसोफोनिया स्वतंत्र आजार म्हणून नाही, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या सूचीतही नाही. यादीत नाही म्हणून केसपेपरवर नोंद होत नाही, नोंद नाही म्हणून रुग्ण किती ते कळत नाही, आणि आकडा नसला की संशोधनाचा प्रस्ताव मंजूर होणं अवघड. ब्रिटनमध्ये हा आकडा मुद्दाम काढावा लागला. २०२३ साली तिथल्या ७७२ लोकांच्या प्रातिनिधिक पाहणीत १८.४ टक्के लोकांना या आवाजांचा लक्षणीय त्रास होत असल्याचं दिसलं. सगळ्यांचाच त्रास तीव्र नव्हता, पण तरीही हा आकडा लहान नाही.

अमेरिकेत हे चक्र सोडवायला सरकारच्या आधी एक कुटुंब पुढे आलं. त्यांच्या रीम फाउंडेशननं २०१९ साली मिसोफोनिया रिसर्च फंड उभा केला. त्या निधीमुळे प्रयोगशाळांना अनुदानं मिळाली आणि मिसोफोनिया नेमकं कशाला म्हणायचं याची व्याख्या तज्ज्ञांनी एकमतानं ठरवली. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली.

मुंबईला हे नवीन नाही. मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दोराबजी टाटांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट स्थापन केला. त्या काळी या रोगावर धड उपचार नव्हते. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली उभं राहिलं तेही टाटांच्याच ट्रस्टच्या पैशातून. आपल्या घरात आलेलं दुखणं इतरांसाठी अभ्यासाचा विषय करायचं, ही दानत या शहरानं पाहिलेली आहे. मिसोफोनियानं कुणाचा जीव जात नाही, हे मला मान्य आहे. पण पोटच्या मुलीला बापासमोर बसून दोन घास खाता येत नाहीत, ते दुःख मी रोज पाहते, आणि त्याला कमी लेखायची माझी तयारी नाही.

आपल्याकडे सुरुवात झालीय. मैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांची पाहणी केली आहे. मुंबईतही वांद्र्याला श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटलमध्ये श्रवणशास्त्राचा विभाग आहे, केईएमसारख्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. माणसं आहेत, जागा आहेत. निधीचं म्हणाल, तर कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि वैद्यकीय संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थांना दिलेला पैसाही त्यात धरता येतो. नरिमन पॉइंट आणि बीकेसीतल्या ज्या कार्यालयांत हे निर्णय होतात, तिथली कुणी मंडळी ऐकत असतील तर त्यांना मला सांगायचंय की, या विषयात थोडक्या पैशात खूप काम होऊ शकतं.

पहिली गरज आहे मराठी प्रश्नावलीची. परदेशी प्रश्नावल्यांत च्युइंगगम असतो, चिप्सचं पाकीट असतं. आपल्याकडच्या मुली ताक पितानाचा आवाज सांगतात, सुपारी फोडल्याचा सांगतात, पूजेच्या वेळी आजी घसा खाकरते तो सांगतात. हे आवाज गोळा करून, प्रश्न तयार करून, शाळांतून तपासून पाहायचे तर दोन-तीन संशोधन सहायकांचा पगार आणि एका संख्याशास्त्रज्ञाचा वेळ एवढंच लागतं. स्कॅनिंग मशीनचा खर्च नंतरचा.

दुसरं काम उपचारांच्या चाचणीचं. परदेशातलं पुस्तक सांगतं, त्रास झाला की थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जा. लालबागच्या त्या घरात दुसरी खोली कुठून आणायची? एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे कोणता उपाय चालतो, हे इथल्याच रुग्णांवर, इथल्याच घरांत तपासावं लागेल. आणि त्यात आजोबांनाही घ्यावं लागेल, कारण उपचार एकट्या मुलीवर करून भागत नाही. रुग्णांना विरार-कल्याणहून दर आठवड्याला बोलवायचं, तर गाडीभाडं आणि बुडालेला रोज प्रस्तावातच धरायला हवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून माणसं यायची बंद होतात आणि चाचणी कोलमडते. हे मी खात्रीनं सांगते.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर दोन गोष्टी करा. ‘नाटकं करते’ हे म्हणणं आजपासून सोडा. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा मिसोफोनिया हा शब्द केसपेपरवर लिहायला सांगा, न लाजता सांगा. शाळेत किंवा इस्पितळात कुणी पाहणीसाठी विचारलं, तर नाही म्हणू नका. माझ्याकडच्या त्या मुलीनं आपलं नाव आताच देऊन ठेवलंय, पाहणी सुरू होईल तेव्हा बोलवा म्हणून.

नमस्कार.