अनेसिम पळाला होता, हे कोणी सांगितलं?

बायबलच्या नव्या करारातलं प्रेषित पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र चहा निवायच्या आत वाचून होतं. पंचवीस वचनं, मूळ ग्रीकमध्ये जेमतेम 335 शब्द. पौल तुरुंगात आहे. फिलेमोनाच्या घरी ख्रिस्ती मंडळी जमते. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पौलापाशी आहे आणि पौल त्याला परत पाठवतो आहे. तुमच्यापैकी जे संडे स्कूलला गेले असतील त्यांना पुढची गोष्ट तोंडपाठ असेल: अनेसिमानं धन्याच्या घरात चोरी केली, पळून थेट रोम गाठलं, तिथं त्याला पौल भेटला, पश्चात्ताप झाला, मग तो मुकाट्यानं परतला.

आता पत्र उघडून ही गोष्ट शोधा. पळाला असं कुठंही म्हटलेलं नाही. रोमचं नाव नाही. पश्चात्तापाचा तर एक शब्दही नाही. पंधराव्या वचनात तो थोडा काळ दूर झाला, एवढंच आहे. अठराव्या वचनात पौल म्हणतो, त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. लगेच पुढं स्वतःच्या हातानं लिहून देतो की मी फेडीन. त्या 'असेल तर'मधून वाचकांनी अख्खा चोर काढला!

हे काढणाऱ्यांत सगळ्यात वजनदार नाव जॉन क्रिसोस्टोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यानं या पत्रावर प्रवचनं दिली आणि अनेसिमाला चोर नि फरारी ठरवलं. गुलामांना धन्यांपासून तोडू नये, नाहीतर ख्रिस्ती धर्म सगळी घडी विस्कटायला आलाय असं लोक म्हणतील, ही त्याची काळजी. त्याचे श्रोते कोण होते ते लक्षात घ्या. घरात गुलाम बाळगणारी सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबं त्यांत होती. गुलामांच्या गळ्यात अडकवायची धातूची कडी सापडली आहेत, ती याच सुमाराची आणि नंतरची. त्यातलं एक रोमच्या संग्रहालयात आहे, त्याला धातूचा बिल्ला लोंबतो. त्यावर कोरलंय: मी पळालोय, मला धर, माझा धनी झोनिनस याच्याकडे नेऊन दिलंस तर सोन्याचं नाणं मिळेल. दुसऱ्या एका कड्यावर धन्याचं नाव फेलिक्स, हुद्दा आर्चडीकन. म्हणजे चर्चचाच अधिकारी.

विसाव्या शतकात मात्र ही गोष्ट उसवायला लागली. 1935 मध्ये जॉन नॉक्स या अभ्यासकानं खरा धनी फिलेमोन नसून पत्रात उल्लेखलेला अर्खिप्प असावा, असं मांडलं. 1985 मध्ये पेटर लांपेनं रोमन कायद्याकडे बोट दाखवलं. प्रोक्युलस या कायदेपंडिताचं मत असं की धन्याशी खटका उडाल्यावर त्याच्या मित्राकडे रदबदलीसाठी गेलेला गुलाम फरारी ठरत नाही. तेव्हा अनेसिम मुद्दामच पौलाकडे गेला असेल. पौल इफिसच्या तुरुंगात होता असं मानलं तर हे पटतंही. फिलेमोनाचं घर जिथं असावं त्या लुकस नदीच्या खोऱ्यातून इफिसला (दोन्ही आजच्या तुर्कस्तानात) काही दिवसांत पायी जाता येई, रोमला जायचं तर समुद्र ओलांडावा लागे. दोन वर्षांनी सेरा विंटर म्हणाली, तो पळालाही नाही नि रुसलाही नाही, मंडळीनंच त्याला पौलाच्या मदतीला धाडलं. आणि 1993 मध्ये ॲलन कॅलहॅन: तो गुलाम नव्हताच, सख्खा भाऊ होता. ही शेवटची उडी मला झेपत नाही, 'यापुढं गुलाम म्हणून नव्हे' म्हणणारं सोळावं वचन ती तोलत नाही.

लांपेचं म्हणणं सुबक आहे. पण त्यातही आपण धन्याच्या कायद्याच्या पुस्तकातून अनेसिमाकडे बघतो. रोमन लेखक धाकट्या प्लिनीचं अशाच मध्यस्थीचं एक पत्र आहे, त्यात चूक करणारा रडतो, पाया पडतो. तोही गुलाम नव्हे, मुक्त केलेला माणूस. पौल यातलं काहीच लिहीत नाही आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

उलट बाजूनं वाचणारेही होऊन गेलेत. 1833 साली अमेरिकेत, जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीत, चार्ल्स कोलकॉक जोन्स हा गोरा धर्मोपदेशक गुलामांपुढं याच पत्रावर बोलत होता. पळून जाणं पाप आहे, असं त्यानं पौलाच्या नावानं सांगताच निम्मी सभा उठून चालती झाली. त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय. उरलेल्यांपैकी काहींनी त्याला ऐकवलं की बायबलात असं पत्रच नाही. काही म्हणाले, तू मालकांना खूश करायला बोलतोस. अभ्यासकांच्या कितीतरी आधी त्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. पुढं 1850 च्या फरारी गुलाम कायद्याच्या वेळी हेच पत्र मालकांच्या बाजूनं पुढं केलं गेलं.

पण म्हणून पौलाला घाईनं मुक्तिदाता करू नका. 'यापुढं गुलाम म्हणून नव्हे, गुलामाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून' असं तो लिहितो, 'मी सांगतो त्याहून जास्त तू करशील' असंही लिहितो, पण 'त्याला सोड' हे थेट कधीच म्हणत नाही. आणि रोमन जगात सोडून तरी काय व्हायचं? मुक्त झालेला माणूस जुन्या धन्याच्या उपकाराशी नि कामाशी बांधलेलाच राही. अभ्यासक जेनिफर ग्लॅन्सीनं 2002 मध्ये याहून बोचरं दाखवलं: गुलामाचं शरीरच धन्याच्या मालकीचं, तेव्हा बंधुत्वाची भाषा त्या शरीरापर्यंत पोचते का हे आधी विचारा.

नव्या करारातल्याच कलस्सैकरांस पत्रात, म्हणजे कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, अनेसिमाचं नाव पुन्हा येतं. पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर तो येतोय, 'विश्वासू व प्रिय बंधू, जो तुमच्यातलाच आहे'. त्याच पत्रात, त्याच्या अगदी थोडं आधी, 'दासांनो, धन्याच्या आज्ञा पाळा' हा उपदेश: चार वचनं दासांना, एक धन्यांना. बरेच अभ्यासक हे पत्र पौलाच्या पश्चात कोणी लिहिलं असं मानतात, मलाही तसंच वाटतं. तसं असेल तर त्या लेखकानं अनेसिमाचं नाव त्या आज्ञेशेजारी जाणूनबुजून ठेवलं, पण चोरी, पळणं, गुलामपण यातलं एकही त्याला चिकटवलं नाही. फिलेमोनाच्या पत्रावरचं सगळ्यात जुनं भाष्य मी यालाच म्हणेन, क्रिसोस्टोमच्या तीनशे वर्षं आधीचं.