नॉटविथस्टँडिंग : कोण कोणाच्या आड?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘औपचारिक इंग्रजी शब्द वाक्यात कसे वापरावेत’. मी मात्र आज एकाच शब्दावर बोलणार आहे, कारण पंचवीस वर्षं तो माझ्या मनात सलतोय. नॉटविथस्टँडिंग. सांगितल्याप्रमाणे काही जणांनी घरचे भाडेकरार आणलेले दिसतात. हाताशी असू द्या.

आधी गोष्ट सांगते. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा मैत्रिणीबरोबर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर जागा घेतली. अनामत पंधरा हजार, दोघींनी जमवलेली. करारातलं सहावं कलम म्हणत होतं, जागा सोडल्यावर सात दिवसांत संपूर्ण अनामत परत मिळेल. एकोणिसावं कलम सुरू व्हायचं असं : ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड इन क्लॉज सिक्स’, आणि पुढे, रंगकामाचा व दुरुस्तीचा खर्च मालक अनामतीतून कापून घेऊ शकेल. सहीच्या आदल्या रात्री मी शब्दकोश उघडला. त्यात दोनच शब्द, ‘तथापि, असूनही’. मला वाटलं, सहाव्या कलमात ‘संपूर्ण’ लिहिलंय, ते आधी आलंय, म्हणजे तेच भारी. सही केली. जागा सोडताना साडेपाच हजार कापले गेले. मी सहाव्या कलमावर बोट ठेवलं, मालकांनी एकोणिसाव्यावर. त्यांचं बरोबर होतं. मैत्रिणीच्या वाट्याचे पैसे मी पुढच्या दोन पगारांतून फेडले, कारण करार मी वाचला होता.

माझा राग मालकांवर नव्हता आणि आजही नाही. राग आहे तो एका शब्दापुढे एक शब्द लिहून ‘अर्थ’ पाठ करून घेण्याच्या पद्धतीवर. ‘तथापि’ हा अर्थ चूक नाही, पण त्यातून कोण जिंकलं ते कळत नाही. आणि या शब्दाचं सगळं काम तेवढंच आहे, दोन गोष्टी समोरासमोर आल्या तर माघार कोणी घ्यायची ते सांगणं.

आता शब्द फोडू. नॉट, विथ, स्टँडिंग. यातला ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘विरुद्ध’. विथस्टँड म्हणजे विरोधात उभं राहणं, तोंड देणं, ते यामुळेच. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. आपला ‘शी’ बघा ना, मित्राशी बोलतो आणि शत्रूशी लढतो! लॅटिन कायद्यात ‘नॉन ऑब्स्टान्टे’ असा प्रयोग होता, वाटेत उभं न राहता. त्याच्याच धर्तीवर चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द आला. म्हणजे मराठीत काय? ‘आड न येता’. मांजर आडवं जातं, नशीब आड येतं, कलम सहा आड येत नाही. हे कोणी मला त्या रात्री सांगितलं असतं तर!

हा शब्द किती मोठी कामं करतो पाहायचं तर राज्यघटनेचा सतरावा भाग, राजभाषेचा, उघडा. अनुच्छेद ३४३ चा पहिला खंड म्हणतो, संघाची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी. लगेच दुसरा खंड नॉटविथस्टँडिंगने सुरू होतो आणि इंग्रजीला पंधरा वर्षं देतो. ती १९६५ साली संपणार, म्हणून १९६३ चा राजभाषा अधिनियम आला. त्याच्या तिसऱ्या कलमाची सुरुवातही याच शब्दाने, पंधरा वर्षांची मुदत संपली तरी इंग्रजी वापरता येईल. उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालवणारा अनुच्छेद ३४८, तोही याच शब्दाने उघडतो. आणि ज्याच्या आधारे राज्य आपली राजभाषा ठरवू शकतं, म्हणजे आपल्याकडे मराठी, तो ३४५ कशाने सुरू होतो? ‘सब्जेक्ट टू’ने. अमुक अनुच्छेदांच्या अधीन राहून. एक शब्द पुढच्याला बाजूला सारतो, दुसरा पुढच्याला नमस्कार करतो. मराठीवर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने हे दोन शब्द ओळखलेच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग वापराचं भरभर सांगते.

हा एकच शब्द आहे, तीन तुकड्यांत लिहू नका. त्याला ‘ऑफ’ जोडू नका. जे माघार घेतं ते नाम त्याला चिकटून येतं, पुढे किंवा मागे : ‘नॉटविथस्टँडिंग द रेन, द मॅच वेंट ऑन’, किंवा ‘द रेन नॉटविथस्टँडिंग, द मॅच वेंट ऑन’. दोन्हींत पाऊस हरला, सामना झाला. पुढे अख्खं वाक्य आणायचं असेल तर ‘ऑल्दो’ घ्या. बोलताना, घरच्या पत्रात हा शब्द नको, तिथे ‘डिस्पाइट’ पुरतो. करार, अर्ज, ठराव इथे तो शोभतो. मसुदा लिहिताना आधी स्वतःला विचारा, आड कोण येऊ नये? तेच नाव त्याच्यालगत लिहा.

मराठी कायद्यांत याला ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ म्हणतात. त्यावर बोलायचं होतं, ते राहिलं. हॉल अजून अर्धा तास आपल्याकडे आहे. ज्यांनी करार आणलेत त्यांनी थांबा, पेन्सिल घेऊन या. प्रत्येकाचं ते कलम आपण एकत्र वाचू.