समोर कुणीच नाही

[दृश्य: दाराच्या कडीला बांधलेला रबराचा पट्टा. ताणला जातो, सैल पडतो, पुन्हा ताणला जातो.]

हा रबरी पट्टा म्हणजे २०२० सालचा ज्युदोतला जोडीदार. एरवी इथं समोरच्याची कॉलर आणि बाही हातात असते. त्याचा भार कुठल्या पायावर आहे, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. पट्ट्याला पाय नाहीत. तो दर वेळी तसाच ताणतो. हुलकावणी देत नाही, उलटा डाव टाकत नाही.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली आणि बघता बघता देशोदेशीच्या मॅट गुंडाळल्या गेल्या. अंगाला अंग भिडवणं हाच ज्या खेळाचा पाया, त्यातल्या माणसाला अंतर राखा म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला कोरडं राहा म्हणण्यासारखंच.

फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. कराटेतला काता, तायक्वांदोतलं पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम; तो एकट्यानं करता येतो. टेबल भिंतीला सारलं की सराव सुरू. तायक्वांदोनं तर त्याच वर्षी पूमसेची स्पर्धा ऑनलाइन घेतली. अडकले ते लढतवाले. जोर, बैठका, दोरीउड्या चालूच होत्या. पण कठोर सराव सुटला की दोन-चार आठवड्यांत दमसास उतरू लागतो. ताकद त्यामानानं टिकते. अंतराचा अंदाज गेलाय की शाबूत आहे, हे तर समोर कुणी असल्याशिवाय कळतही नाही.

[दृश्य: वजनकाटा. त्यावर कुणीच नाही.]

मग २४ मार्चला टोकियो ऑलिंपिक पुढं ढकललं गेलं. वजनगटात खेळणारा माणूस स्पर्धेच्या तारखेपासून उलटे दिवस मोजत जगतो. तारीखच गेली, तर काट्यावर उभं राहायचं कशासाठी? कुणाची झोप उडाली, कुणाला सरावाचा कंटाळा येऊ लागला. कुणाचे दुखरे खांदे मात्र कित्येक वर्षांनी बरे झाले, पोटभर जेवता आलं. ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. वाढत्या वयातल्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. ती परतली तेव्हा हातपाय लांबले होते, जुना वजनगट मागं पडला होता.

[दृश्य: रिकाम्या खुर्च्या. मधोमध मॅट.]

जपानच्या हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा यांच्यापैकी ६६ किलो गटात एकालाच ऑलिंपिकला जायचं होतं. एप्रिलमध्ये लागायचा निकाल १३ डिसेंबर २०२० वर गेला. टोकियोचं कोदोकान, ज्युदोचं मुख्य केंद्र. प्रेक्षक नाहीत. ज्युदोची लढत चार मिनिटांची. कोंडी फुटेना, म्हणून गोल्डन स्कोअर, म्हणजे वाढीव वेळ: ज्याला आधी गुण मिळेल तो जिंकला. दहा मिनिटं झाली. पंधरा. वीस.

चोवीस मिनिटं झाली, तेव्हा कुठं आबेच्या नावावर एक वाझा-आरी, म्हणजे अर्धा गुण, लागला आणि दोघांना एकमेकांची पकड सोडायला मिळाली.