बदाम टाकला, पण कशासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी एका दुपारी एक मेसेज आला. "स्टेटसला फक्त एक लाल बदाम टाक. सोबत काही लिहू नकोस. कुणी विचारलं तर सांगू नकोस, पुरुषांना तर मुळीच नाही. हा मेसेज तुझ्या मैत्रिणींना पाठव. ब्रेस्ट कॅन्सरच्या जागृतीसाठी." ग्रुपमध्ये आम्ही अठरा जणी. संध्याकाळपर्यंत बहुतेकींच्या स्टेटसवर बदाम दिसायला लागले. मीही टाकला. मनापासून टाकला, कारण माझ्या जवळच्या माणसांत हा आजार येऊन गेला आहे.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई माझ्या फोनवर नातवाचे फोटो बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हा बदाम कसला गं?" मी म्हटलं, "कॅन्सरच्या जागृतीसाठी आहे, बायकांच्या." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग बदाम बघून मला काय कळायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. आज मी तुमच्यासमोर बोलते आहे ती त्या प्रश्नामुळेच.

हा खेळ तसा जुना आहे. जानेवारी २०१० मध्ये फेसबुकवर बायका अचानक नुसती रंगांची नावं लिहायला लागल्या. काळा. पांढरा. गुलाबी. तो त्यांनी घातलेल्या ब्राचा रंग होता आणि पुरुषांना ते कळू द्यायचं नाही, ही त्यातली गंमत. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरा खेळ निघाला. "मला ते सोफ्यावर आवडतं", "मला ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आवडतं", अशी वाक्यं. ऐकणाऱ्याने भलताच अर्थ घ्यावा आणि खरं तर ती पर्स ठेवायची जागा असावी. पुढे तर आपल्याला दिवस गेले आहेत असं भासवणारे मेसेज आले. मी इतक्या आठवड्यांची आहे आणि मला अमुक खावंसं वाटतंय, अशा थाटाचे. केमोथेरपीमुळे बीजकोशांना इजा होऊ शकते. ज्या तरुण मुलींना या आजाराने गाठलं, त्यांतल्या कितीतरी जणींची आई होण्याची शक्यता त्या उपचारांतच संपते. त्यांच्याच नावाने चाललेला खेळ, आणि त्यांनी तो वाचायचा! अशा रुग्ण स्त्रियांनी तेव्हा जाहीरपणे आपलं दुःख मांडलं होतं, आणि ते रास्त होतं.

या सगळ्या खेळांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. आजाराचं नाव घ्यायचं नाही. लक्षण सांगायचं नाही. कुठे जायचं ते सांगायचं नाही. उलट लपवायचं.

आणि आपल्याकडे लपवालपवी आधीच का कमी आहे? आपण "स्तन" हा शब्द उच्चारत नाही. "छातीत काहीतरी आहे" म्हणतो, "तिकडे गाठ आहे" म्हणतो, नाहीतर काहीच म्हणत नाही. गाठ दुखत नाही, म्हणून दिवाळी होऊ दे, मुलीचं लग्न होऊ दे, सुगी होऊ दे, असं करत बाई महिनोन्महिने ती अंगावर काढते. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात पुरुषांना कळू द्यायचं नाही ही अट. अहो, आपल्या घरांमधून बाईला तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेणारा, रजा टाकणारा, पैशांची सोय करणारा बहुतेकदा नवरा असतो किंवा मुलगा असतो. त्यालाच अंधारात ठेवून जागृती कुणाची करायची? शिवाय हा आजार पुरुषांनाही होतो. प्रमाण कमी आहे, शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो, पण होतो.

मग असले खेळ सगळेच निरुपयोगी का? नाही. तसं म्हटलं तर मी खोटं बोलेन.

मार्च २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये बायकांनी मेकअप न करता स्वतःचे फोटो टाकायला सुरुवात केली. कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेने तो खेळ सुरू केला नव्हता. आपोआप पसरत होता. पण संस्थेने वेळ ओळखली आणि एक नंबर जाहीर केला: या नंबरावर अमुक शब्द पाठवा, तीन पौंड आमच्याकडे जमा होतील. त्यानंतर लोक फोटोखाली तो नंबर लिहायला लागले. सहा दिवसांत ऐंशी लाख पौंड जमले. गडबडीत काही जणांनी चुकीचा शब्द टाकला आणि त्यांचे पैसे युनिसेफकडे गेले, तेही पुढे योग्य जागी पोचवले गेले. फोटो तेच होते. फरक पडला तो फोटोखालच्या त्या एका ओळीमुळे.

त्याच वर्षीचं आइस बकेट चॅलेंज तुम्हाला आठवत असेल. एएलएस नावाच्या मज्जासंस्थेच्या आजारासाठी लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचे. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे जुलैअखेर ते ऑगस्टअखेर या एका महिन्यात दहा कोटी डॉलर आले. आदल्या वर्षी त्याच महिन्यात अठ्ठावीस लाख आले होते. एकूण आकडा साडेअकरा कोटींवर गेला. त्यातला मोठा वाटा संशोधनाला मिळाला. २०१६ मध्ये या आजाराशी संबंध असलेलं एक जनुक शोधणाऱ्या प्रकल्पाला त्यातून मदत झाली होती. एका औषधालाही सुरुवातीला याच पैशाचा आधार मिळाला. ते २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण मोठ्या चाचणीत गुण दिसला नाही, म्हणून २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून परत घेतलं. संशोधन असंच चालतं, पुढे जाऊन मागे येत. पण तो खेळ खेळणाऱ्याला आजाराचं नाव तोंडाने घ्यावं लागत होतं, पैसे कुठे द्यायचे ते सांगावं लागत होतं, आणि पुढच्या तिघांना नाव घेऊन बोलवावं लागत होतं. त्यात लपवाछपवी नव्हती.

आपल्याकडे अनेकांना बादलीभर पाणी असं ओतून देणं पटलं नाही. हैदराबादच्या मंजुलता कलानिधी यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये त्याऐवजी राइस बकेट चॅलेंज काढलं. बादलीभर तांदूळ गरजू माणसाला द्या, फोटो टाका. तो आरोग्याचा खेळ नव्हता, पण खेळ संपला तेव्हा कुणाच्या तरी घरी तांदूळ पोचलेले असायचे.

आता मला सगळ्यांत जवळचं वाटणारं उदाहरण सांगते. त्यात लिंबं आहेत.

कॉरिन ब्यूमाँट या डिझायनर बाईंनी एक चित्र तयार केलं. अंड्यांचा ट्रे असतो ना, तशा ट्रेमध्ये बारा लिंबं मांडलेली. प्रत्येक लिंबू स्तनाच्या कॅन्सरचं एक लक्षण दाखवतं. बीभत्स काही नाही, लाजण्यासारखं काही नाही, अक्षरओळख नसली तरी समजेल असं. जानेवारी २०१७ मध्ये ते चित्र जगभर पसरलं, आणि कसं पसरलं ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एका रुग्ण स्त्रीच्या फेसबुकवर हाच आपला बदामाचा मेसेज फिरत होता. तिने तो पुढे पाठवला नाही. त्याऐवजी लिंबांचं चित्र टाकलं आणि लिहिलं की मला माझ्या स्तनावर एक खळगा दिसला, तो या चित्रातल्या एका लिंबासारखा होता, म्हणून मी ओळखू शकले. गाठ तिला हाताला लागलीच नव्हती. तिचा आजार तोवर चौथ्या टप्प्यात पोचला होता. बदामाने मला काही सांगितलं नसतं, असं तिचं म्हणणं होतं. माझ्या सासूबाईंचं तरी वेगळं काय होतं?

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. पण लिंबू तुम्हा सगळ्यांच्या घरात आहे, म्हणून मी बोलून दाखवते. हातात घेऊन ऐकलंत तर उत्तमच.

एखाद्या लिंबाच्या आत बी हाताला लागावी तशी कडक, जागची न हलणारी गाठ. एखाद्या भागात साल जाड झालेली. एका ठिकाणी बोटाने दाबल्यासारखा खळगा, किंवा त्वचा आत ओढल्यासारखी. संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं दिसणारी त्वचा. लाली, आणि हाताला गरम लागणारी त्वचा. बरी न होणारी जखम किंवा सोललेली कातडी. नव्याने उठून दिसणारी शीर. वर आलेला उंचवटा. आधी बाहेर असलेलं आणि आता आत गेलेलं स्तनाग्र. मूल अंगावर पीत नसताना येणारा स्राव, त्यातही रक्तासारखा. एका बाजूचा आकार नव्याने बदललेला. आणि बारावं लिंबू बाहेरून अगदी चांगलं दिसणारं, ज्याच्यातली गाठ फक्त तपासणीतच कळते. याशिवाय काखेतली गाठही ध्यानात ठेवा. यांतलं काही दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आपण मनाशी ठरवायचं नाही.

हे मी इतक्या तपशिलाने का सांगते? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने गेल्या. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, तुमची स्तनतपासणी कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या शंभरात एकही भरत नव्हती. ०.९ टक्के. आमच्या ग्रुपमधल्या आम्ही अठरा जणी धरल्या, तर आमच्यातली एकही त्यात नसण्याचीच शक्यता जास्त.

आणि उपाय फार दूरचा नाही. तो मुंबईतच करून पाहिला गेला आहे. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणारं यंत्र नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनांची तपासणी करायची आणि सोबत कॅन्सरची माहिती द्यायची. दुसऱ्या गटाला माहिती दिली गेली, पण एकदाच. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निदानाच्या वेळी पुढच्या टप्प्यात पोचलेला आजार दुसऱ्या गटात ४७ टक्के होता, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण जो फरक पडला तो एका बाईने दुसऱ्या बाईच्या दारात जाऊन, वेळ काढून, पुन्हा पुन्हा जाऊन पाडला.

पन्नाशीपुढच्या, हे शब्द माझ्या मनात राहिले. कारण बदामाचा मेसेज पोचतो तो आमच्यासारख्या स्मार्टफोनवाल्यांना. सासूबाईंना नाही. त्यांच्या भजनी मंडळाला नाही.

म्हणून यंदा संक्रांतीला आम्ही थोडं वेगळं केलं. हळदीकुंकू म्हटलं की विधवांना आमंत्रण नसतं, आणि या आजाराचा धोका तर वयाबरोबर वाढतो. मग आम्ही त्याला नुसतं तिळगूळ म्हटलं आणि गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. आमच्या भागातल्या आशाताईंना बोलावलं. वाण म्हणून लिंबं वाटली. काहींनी नाकं मुरडली, लिंबू कसलं वाण म्हणून. आशाताईंनी एक लिंबू हातात घेतलं आणि "स्तन" हा शब्द मोठ्याने उच्चारला. खोलीत कुणी हललं नाही. मग मागच्या बाजूने एक बाई म्हणाल्या, "ताई, दुखत नसेल तरी दाखवायचं का?"

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यांची गाठ साधी निघाली. आशाताईंनी त्या दिवशी हेही सांगितलं की तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीसाठी उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी मोफत करून मिळायला हवी, तशी योजनाच आहे. आमच्यातल्या निम्म्या जणींना हे ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढची भिशी आमच्या घरी आहे. या वेळी ग्रुपवर मी जो मेसेज टाकला, तो तुम्हाला वाचून दाखवते. "रविवारी चार वाजता आमच्याकडे. स्तनाच्या कॅन्सरबद्दल आशाताई बोलणार आहेत. सोमवारी सकाळी दहाला आपण सगळ्या मिळून उपकेंद्रात तपासणीला जायचं आहे, रिक्षा सांगून ठेवली आहे. घरातल्या पुरुषांना हा मेसेज जरूर दाखवा. आणि येताना सासूबाईंना, आईला घेऊन या." माझ्या सासूबाईंनी सोमवारसाठी आत्ताच लुगडं काढून ठेवलं आहे.

नमस्कार.